निळा ब्लेझर: घरच्या मशीनवरच्या अडीच महिन्यांच्या नोंदी

२ ऑगस्ट

१९ ऑक्टोबरला एका परिषदेत बोलायचं आहे. त्यासाठी ब्लेझर आणि पँट घरीच शिवायचं ठरवलं. अनुभव म्हणाल तर शर्ट, स्कर्ट आणि तीन पँटी. लॅपल (छातीवर बाहेर उलटणारी कॉलरखालची घडी) आजवर फक्त पाहिली आहे. तयार ब्लेझर खांद्यात बसला की छातीत आवळतो, छातीत बसला की खांदा दंडावर ओघळतो, म्हणून हा उद्योग. याच वाटेने कुणी जाणार असेल तर माझे खड्डे माहीत असावेत म्हणून तारखांसकट लिहिते आहे.

सामान: गडद निळं कापड ४ मीटर, पन्हा १५० सेंमी. लागणार सव्वातीन, पण चुकांसाठी वरचं घेतलं. पॉलिस्टर ५५ टक्के, लोकर ४५ टक्के. शुद्ध लोकरीवर पहिल्याच खेपेला कात्री चालवायचा धीर झाला नाही. रेघा आणि चौकटी मुद्दाम टाळल्या, कारण त्या लॅपलवर, खिशावर, बाहीवर जुळवत बसाव्या लागतात. शिवाय अस्तर अडीच मीटर, मांजरपाट ५ मीटर, केसाळ कॅनव्हास, इस्त्रीने चिकटणारं फ्युजिंग, खांद्याचे पॅड, बटणं. हा सगळा आतला माल मिळून खर्च जवळजवळ कापडाएवढाच झाला. हिशेब कापडापुरताच करून बसू नका.

३ ऑगस्ट

मापं. आधी माझी मीच घेतली, मग ताईने घेतली. पाठीच्या रुंदीत अडीच सेंमीचा फरक. स्वतःच्या पाठीवर टेप धरायचा तर हात मागे न्यावा लागतो, हात मागे गेला की पाठ आक्रसते आणि माप कमी भरतं. ताईची मापं धरली.

तिने घेताना एकच सूचना दिली, "अगं, पोट सोड. फोटो काढत नाहीये मी."

दुसरं हाती लागलं ते असं की माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा १.२ सेंमी खाली आहे. इतकी वर्षं पर्स उजव्या खांद्यावरून का घसरते, ते आज कळलं.

९ ऑगस्ट

खऱ्या कापडाआधी शिवलेला पहिला मांजरपाटाचा नमुना वाया.

पॅटर्न, म्हणजे तुकडे कापायचा कागदी साचा, बुर्डा या शिवणाच्या मासिकातला घेतला होता. त्यात पाच-सहा कपड्यांच्या रेघा एकावर एक छापलेल्या असतात, आपल्या मापाची रेघ हुडकून दुसऱ्या कागदावर उतरवायची. त्यात दोन तास गेले. मग कापला, शिवला, घातला, आणि पुढचे दोन्ही भाग एकमेकांचं तोंडही बघेनात. मासिकातल्या या पॅटर्नला शिवणीची माया (कडेचं जास्तीचं कापड) धरलेली नसते, ती आपण सोडायची. मी आजवर पाकिटातले सिम्प्लिसिटी आणि व्होगचे पॅटर्न वापरले, त्यात ५/८ इंच माया आधीच असते. अंगाभोवती उभ्या शिवणी पाच. प्रत्येकीत दोन्हीकडून दीड-दीड सेंमी, म्हणजे १५ सेंमी घेर मीच खाल्ला. सूचना तिथे छापलेली होती, मी वाचली नव्हती.

मांजरपाट २ मीटर आणि सहा तास गेले. निळं कापड सुटलं, हीच कमाई.

१० ऑगस्ट

दुसरा नमुना, मायेसकट. घेर बसला. पण मानेपासून उजव्या काखेकडे तीन तिरक्या चुण्या, आणि मागे कॉलरच्या जागी बोट जाईल एवढी फट.

चुण्या काखेत संपत होत्या म्हणून मी काखेतच दुरुस्ती केली. बाजूची शिवण सेंमीभर आत घेतली. चुण्या वाढल्या. उसवून तेवढीच सैल केली. चुण्या तशाच, वर कमरेत झोळ आला. दीड तास हेच.

मग ताईने खांद्याच्या शिवणीला टोकाशी चिमटीत धरून कापड जरासं वर उचललं. तीनही चुण्या गेल्या. पाठीमागची फटही मिटली. उतरलेला उजवा खांदा! कापड खांद्याच्या टोकाशी मोकळं राहत होतं, तिथून काखेकडे ओघळत होतं आणि कॉलरलाही मानेपासून ओढत होतं.

१.२ सेंमीची वाटणी अशी केली: ६ मिमी पॅटर्नच्या उजव्या खांद्यावरून उतरवले आणि ६ मिमीचा जास्तीचा थर उजव्या पॅडला लावला. सगळंच पॅटर्नमधून उतरवलं असतं तर ब्लेझर बसला असता, पण उजवीकडे वाकलेला दिसला असता. खांद्याचं टोक जेवढं उतरवाल तेवढाच काखेतला मुंढाही (बाही जोडायचा गोल काप) खाली न्यायचा. तो तसाच ठेवला तर मुंढ्याचा घेर कमी होतो आणि काखेत काचतो.

१६ ऑगस्ट

कापडाला वाफ देणं. ओला फडका पसरून त्यावरून इस्त्री, पूर्ण चार मीटर, दोन्ही काठांपासून मध्यापर्यंत. दीड तास घामाघूम. नंतर मोजलं तर ३.९४ मीटर. हे ६ सेंमी शिवून झाल्यावर गेले असते तर बाहीतून मनगट बाहेर आलं असतं. अस्तर नुसतं धुऊन वाळवलं.

१७ ऑगस्ट

कापणी, साडेसहा तास. जमिनीवर, गुडघ्यांवर. कापड दुहेरी न घालता एकेरी पसरून कापलं, म्हणजे उभा धागा प्रत्येक तुकड्यावर तपासता येतो. त्याची शिक्षाही लगेच मिळाली. एकेरी कापडावर पॅटर्नचा कागद दुसऱ्या वेळी उलटा करून ठेवावा लागतो. बाहीच्या खालच्या तुकड्याच्या वेळी मी तो उलटा केला नाही. दोन्ही तुकडे डाव्याच हाताचे.

पुन्हा कापला, जास्तीच्या कापडातले ३० सेंमी गेले. आता प्रत्येक तुकड्याचे दोन-दोन कागद केले आहेत, "उजवा" आणि "डावा" असं ठळक लिहून. बालिश वाटतं, पण रात्री अकरा वाजता मेंदूही बालिशच असतो.

२३ ऑगस्ट

फ्युजिंगची चाचणी. उरलेल्या चिंधीवर चिकटवलं, गार झाल्यावर कोपरा ओढून पाहिला तर निघून आलं. वर फुगे. कारण साधं होतं: मी इस्त्री फिरवत होते. फ्युजिंगवर इस्त्री फिरवायची नसते. ठेवायची, दाबायची, १२-१५ सेकंद थांबायची, उचलायची, शेजारी ठेवायची. आणि गार होईपर्यंत तुकडा हलवायचा नाही, कारण गोंद गार होतानाच धरतो. तिसऱ्या चिंधीवर जमलं.

ठरवलं असं: पुढच्या भागाच्या खालच्या निम्म्याला हलकं फ्युजिंग, छातीला आणि लॅपलला केसाळ कॅनव्हास, तो हाताने. या कॅनव्हासच्या आडव्या धाग्यात जनावराचे केस असतात, त्यामुळे तो दुमडला तरी उसळी मारून परत येतो. लॅपलला जी गोलाई येते ती यातून.

२४ ते २९ ऑगस्ट

लॅपलचे टाके. या कामाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण वाचून मला काहीच कळलं नव्हतं.

कॅनव्हास वर, कापड खाली. घडीच्या रेघेपासून सुरुवात करून कडेकडे ओळीने तिरके टाके घालायचे, प्रत्येक सुमारे सेंमीभर, कडेजवळ त्याहून बारीक. सुईने कॅनव्हास पूर्ण घ्यायचा आणि खालच्या कापडाचा एखादाच धागा. सुई आरपार गेली तर सुलट्या बाजूला टाका दिसतो. अजिबात लागली नाही तर टाका नुसता कॅनव्हासमध्येच बसतो. डाव्या हाताचं मधलं बोट खाली ठेवायचं आणि सुईचं टोक बोटाला जेमतेम जाणवलं की वळवायचं. पहिल्या दिवशी ते जेमतेम काही जमेना. बोटाला सात-आठ टोचण्या आणि कापडावर रक्ताचा एक ठिपका. (गार पाणी, लगेच. गेला.) उजव्या हाताला अंगुस्तान (सुई ढकलायची बोटावरची टोपी) घालायची सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी मधल्या बोटाला भोक पडल्यावर लागली.

डावी लॅपल दोन संध्याकाळी घालवून पूर्ण केली. हातात घेतली तर सपाट, पुठ्ठ्यासारखी. कुठे गोलाई नाही. टाके बरोबर होते, मी टेबलावर सपाट ठेवून घातले होते एवढंच. लॅपल अंगावर जशी उलटते तशी डाव्या तळहातावर वळवून धरायची आणि वळलेल्या अवस्थेतच टाके घालायचे. तेव्हा आतला थर बाहेरच्यापेक्षा किंचित कमी जागेत बसतो आणि टाके त्यांना तसंच धरून ठेवतात.

सगळं उसवलं. पुन्हा दोन संध्याकाळी. यावेळी शेवटचा टाका घालून लॅपल सोडली तर ती आपणहून वळली, इस्त्रीशिवाय. घरात जो दिसला त्याला दाखवली. कुणालाच त्यात विशेष काही दिसलं नाही.

उजवी लॅपल एका लांबलेल्या बैठकीत झाली.

६ सप्टेंबर

खिसे. दोन बारीक कडांचा, झाकण असलेला खिसा. चिंध्यांवर चार वेळा केला, चौथा चांगला आला. मग खऱ्या कापडावर उजवीकडे बिघडला.

या खिशात सगळा जीव दोन टोकांच्या त्रिकोणांवर असतो. मधोमध चीर द्यायची, टोकाच्या दीड सेंमी अलीकडे थांबायचं आणि तिथून दोन्ही कोपऱ्यांकडे तिरकं कापत टिपेच्या शेवटच्या टाक्यापर्यंत जायचं. धागाभर अलीकडे थांबलात तर उलटल्यावर कोपऱ्यात चुणी. धागाभर पलीकडे गेलात तर भोक. मी दिवा डावीकडे ठेवून उजव्या हाताने कापत होते, कात्रीची सावली नेमकी कोपऱ्यावर. पलीकडे गेले.

भोक तांदळाच्या दाण्याएवढं. आतून फ्युजिंगचा बोटभर तुकडा चिकटवला, कोपऱ्यावर अगदी बारीक टाक्यांनी पुन्हा टीप मारली आणि झाकण ३ मिमी रुंद केलं. आता ते झाकणाखाली आहे. डाव्या खिशाचं झाकणही तेवढंच वाढवावं लागलं. तो खिसा टेबलावर दिवा ठेवून नाही, खिडकीशी बसून केला. दोन्ही खिशांची तोंडं तिरक्या कच्च्या टाक्यांनी बंद करून ठेवली, म्हणजे पुढच्या कामात ताणली जाणार नाहीत.

१३ सप्टेंबर

अंगाच्या शिवणी मशीनवर तासाभरात झाल्या. इस्त्रीला चार तास.

शर्ट शिवताना इस्त्री शेवटी एकदा केली तरी चालतं. इथे प्रत्येक शिवण, तिच्यावरून दुसरी शिवण आडवी जाण्याआधी दाबायची: आधी जशी शिवली तशी, मग माया उघडून, मग सुलट्या बाजूने फडक्यावरून. छातीचा आणि कमरेचा भाग सपाट टेबलावर दाबला तर मेहनतीने आणलेली गोलाई तिथेच मरते. जुन्या चादरीची घट्ट पिशवी शिवून, लाकडाचा भुसा ठासून, नारळाएवढी उशी केली आणि तिच्यावर दाबलं. दुसरी करामत लाकडी ठोकळ्याची. वाफ दिली की लगेच इस्त्री उचलून त्या जागी गुळगुळीत कोरडा ठोकळा दाबून धरायचा, कापड गार होईपर्यंत. लाकूड ओल शोषतं आणि घडी सुरीसारखी बसते. या मिश्र कापडाला याशिवाय कड येतच नव्हती.

अपघात: फडका बाजूला सरकलेला, आणि इस्त्री थेट कापडावर. पाठीच्या शिवणीवर दोन बोटं रुंद चकाकी उमटली. ओल्या फडक्यातून भरपूर वाफ देऊन, कापड गरम असतानाच कपड्याच्या ब्रशने उलट दिशेला घासलं, चार वेळा. बरीचशी गेली. तिरप्या उजेडात अजून दिसते. माझ्या पाठीकडे तिरप्या उजेडात बघत बसणाऱ्याला उत्तर द्यायला मी बांधील नाही.

२० सप्टेंबर

कॉलर, लॅपल, फेसिंग (पुढच्या कडेला आतून लावायचा पट्टा, लॅपल उलटली की तोच वर दिसतो). उलटून दाबल्यावर डावी लॅपल सुरेख वळली, पण टोक वर उचललेलं. उन्हात वाळलेल्या पानासारखं. वाटलं इस्त्री कमी पडली. दाबलं, बसलं. दहा मिनिटांनी परत वर.

वरचा थर खालच्या थरावरून वळसा घेतो, तेव्हा त्याला जास्त वाट चालावी लागते. म्हणून लॅपलच्या भागात फेसिंग पुढच्या भागापेक्षा २-३ मिमी मोठं लागतं. मी दोन्ही सारखी कापली होती. फेसिंग आखूड पडलं की ते टोकाला आपल्याकडे खेचतं. पहिल्या बटणाच्या खाली हिशेब उलटा, तिथे बाहेर पुढचा भाग दिसतो, म्हणून तो किंचित मोठा हवा.

फेसिंग वाढवता येणार नव्हतं, म्हणून खालचा भागच कमी केला. दोन्ही लॅपलच्या कडा उसवल्या, कॅनव्हास कडेपासून ३ मिमी मागे कापला, शिवण पुढच्या भागात २ मिमी आत घेतली. टोकं खाली बसली. कॉलरच्या वेळी शहाणपण आलेलं होतं: खालची कॉलर उरेब, म्हणजे तिरक्या धाग्यावर, कापलेली आणि सगळ्या कडांनी २ मिमी लहान. पहिल्या प्रयत्नात बसली. संपूर्ण ब्लेझरमध्ये पहिल्या प्रयत्नात बसलेली गोष्ट एवढीच.

२७ सप्टेंबर

बाह्या, खेप पहिली. मुंढ्याचा घेर ४७.५ सेंमी, बाहीच्या माथ्याचा, म्हणजे वरच्या गोल कडेचा, घेर ५२. म्हणजे साडेचार सेंमी कापड चुणी न दिसता मुंढ्यात जिरवायचं. लोकर वाफेने आक्रसते, त्यामुळे निव्वळ लोकरीच्या बाहीत एवढं जिरतं. माझ्या कापडातलं निम्म्याहून जास्त पॉलिस्टर. त्याला वाफेचं काही देणंघेणं नाही. दोन ओळी कच्चा दोरा घालून ओढला, भुशाच्या उशीवर वाफ दिली, ठोकळा ठेवला. चुण्या जशाच्या तशा. शिवून पाहिलं तर खांद्याला फुग्याची बाही. लहान मुलीच्या फ्रॉकला शोभली असती.

२८ सप्टेंबर

खेप दुसरी. जिरत नाही तर घेरच कमी करायचा. माथ्यावरून ६ मिमी उतरवले, दोन्ही बाजूंच्या खुणांपर्यंत निमुळते. मागच्या शिवणीत वरच्या टोकाला दोन्हीकडून ६-६ मिमी आत घेतले. घेर ५० झाला. अडीच सेंमी जास्तीचं कापड या मिश्रणातही जिरलं, टाचण्या मात्र दर सेंमीला लावाव्या लागल्या. माथा गुळगुळीत.

पण हात सरळ सोडला की मनगट बाहीच्या पुढच्या बाजूला टेकतं आणि मागे कोपराच्या वर तिरक्या घड्या. माझे हात जरा पुढे झुकलेले लोंबतात, दिवसभर की-बोर्डवर बसणाऱ्या कुणाचेही असेच असतील. बाही पुढे न्यायची म्हणून मी माथ्याची खूण खांद्याच्या शिवणीपेक्षा सेंमीभर पुढे सरकवून पुन्हा बसवली. घड्या दुप्पट.

हे कळायला पूर्ण संध्याकाळ गेली, आणि कळलं ते भांड्याचं झाकण फिरवताना. मुंढा गोल आहे. माथा पुढे ढकलला की मनगट मागे जातं.

४ ऑक्टोबर

खेप तिसरी. माथ्याची खूण खांद्याच्या शिवणीच्या सेंमीभर मागे. मनगट पुढे आलं, घड्या गेल्या. पक्की टीप मारण्याआधी कच्च्या दोऱ्यावर बाह्या घालून अर्धा तास घरभर फिरले, फोन घेतला, फळीवरचा डबा काढला. हे पहिल्या खेपेलाच केलं असतं तर दोनदा उसवावं लागलं नसतं.

माथ्याच्या आत ४ सेंमी रुंद मऊ नमद्याची पट्टी हाताने टाकली. तिच्याशिवाय शिवणीची माया बाहेरून कड होऊन दिसत होती. मग पॅड, उजवीकडचा जाड. ताईने दाराच्या चौकटीत उभं करून दोन्ही खांदे पाहिले.

"कुठला खाली आहे ते आता मलाही सांगता येत नाही," म्हणाली.

१० ऑक्टोबर

अस्तर. ते अंगाहून सैल हवं, तंग अस्तर वरच्या कापडाला आतून खेचतं. पाठीच्या मध्यावर २ सेंमीची उभी घडी ठेवली, म्हणजे हात पुढे केले की अस्तर उघडतं. अस्तरासाठी सुई बदलली. वरच्या कापडाला ९० नंबर चालत होती, तीच अस्तरात ओढ घालत होती. ७० ची नवी लावली आणि ओढ थांबली.

बाहीचं मनगट आणि बाहीच्या अस्तराचं मनगट उलट्या बाजूने, आतल्या आत जोडायचं असतं. डावी बरोबर आली. उजवी जोडून, सगळा ब्लेझर बाहीच्या अस्तरातल्या भोकातून ओढून सुलटा केला, हात घातला, तर हात मध्येच अडकला. अस्तर एक पूर्ण पीळ घेऊन जोडलं गेलेलं. परत त्याच भोकातून सगळा ब्लेझर आत ओढला, मनगट उसवलं, पीळ काढला. आता आधी बाही आणि अस्तर अंगावर जसे असतात तसे ठेवून, दोन्ही एकाच टाचणीने धरून मगच आत हात घालते.

११ ऑक्टोबर

पँट. नऊ तास, काही घडलं नाही. पुढे.

१२ ऑक्टोबर

काजं. मशीनवरचं काज चिंधीवर छान येत होतं. ब्लेझरच्या कडेला थर जास्त, मशीनचं फूट अर्धं थरावर आणि अर्धं हवेत, दाते कापड पुढे नेईनात आणि एकाच जागी दोऱ्याचा गोळा. नशिबाने तीच जाडी केलेल्या चिंधीवर पाहिलं होतं.

म्हणून हाताने. जाड रेशमी दोरा, मधमाशीच्या मेणावरून ओढलेला आणि मेण मुरावं म्हणून कागदात धरून इस्त्री केलेला. चीर आधी द्यायची, कडा बारीक टाक्यांनी धरायच्या, मग कडेला जाडसर दोरा ठेवून त्यावरून काजाचा टाका. प्रत्येक गाठ चिरेच्या ओठावर बसली पाहिजे. नऊ काजं चिंधीवर केली. पहिलं सुरवंटासारखं, सहावं बरं, नववं दाखवण्याजोगं.

खऱ्या ब्लेझरवर खडूने खुणा केल्या आणि कात्री उचलल्यावर लक्षात आलं, खुणा डाव्या बाजूला आहेत. नमुना म्हणून समोर दादाचा कोट टांगला होता. पुरुषांच्या कोटाला काजं डावीकडे, बायकांच्या कोटाला उजवीकडे. ब्रशने खडू झटकला. कात्री खाली ठेवून चहा केला, मग उजवीकडे खुणा. प्रत्येक काजाला पन्नास मिनिटं.

बटण लावताना बटणाखाली आगपेटीची काडी ठेवली, टाके घालून काडी काढली आणि उरलेल्या दोऱ्यांना वेढे देऊन दांडी केली. दांडी नसली तर बटण लावल्यावर जाड कापड तिथे खळगा पाडतं.

१५ ऑक्टोबर

शेवटची इस्त्री, दोन तास. कच्चे दोरे काढले.

तासांचा हिशेब: मापं, पॅटर्न आणि दोन नमुने १४. वाफ आणि कापणी ८. कॅनव्हास आणि लॅपलचे टाके १३. खिसे ७. शिवणी आणि इस्त्री ६. कॉलर, लॅपल ९. बाह्या १२. अस्तर ८. काज-बटणं ६. शेवटची इस्त्री २. एकूण ८५, पँट वेगळी. यातले सतरा-अठरा तास निव्वळ उसवण्याचे. लंडनच्या सॅव्हिल रो या नामांकित शिंप्यांच्या रस्त्यावर बेतून शिवलेल्या सुटात किमान ५० तासांचं हातकाम असतं म्हणतात. त्यांना उसवावं लागत नसणार.

२० ऑक्टोबर

काल घालून झाला. खांदे बसले, कॉलर मानेला चिकटून राहिली, चकाकी कुणी पाहिली नाही.

टिपणाचा कागद खिशात टाकायला गेले तर खिसा बंद. ६ सप्टेंबरचे तिरके टाके. पंधरा तारखेला सगळे कच्चे दोरे काढले, हे झाकणाखाली राहिले. कागद हातातच धरून बोलले.

दुसरं, फळ्याकडे हात वर केला तेव्हा उजव्या काखेत टर्र झालं. घरी येऊन पाहिलं तर अस्तराची शिवण पाच सेंमी उसवलेली. काखेत वरच्या कापडाची माया उभी राहते आणि अस्तराला तिच्यावरून उडी मारून जावं लागतं, म्हणून तिथे अस्तर दीड सेंमी वर कापायचं असतं. मी मुंढ्याच्या मापाबरहुकूम कापलं होतं. दोन्ही काखांत अस्तराची बदामाच्या आकाराची कळी घातली, हाताने. चाळीस मिनिटं. आता हात पूर्ण वर जातो.

निळं कापड थोडं उरलंय, पूर्ण पन्ह्याचं. बिनबाह्यांच्या जाकिटाचे पुढचे दोन भाग त्यात बसतात, कागद ठेवून पाहिले. पाठ अस्तराचीच असते. खिसा मात्र एकच करणार, आणि तो दिवसाउजेडी.